लिहून घेतलंय

बेघरांच्या त्या निवाऱ्यात हेडबाईंचा दरारा असा, की त्यांच्या चपलांचा आवाज आला की लोक पांघरुणांच्या घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालायचे. बत्तीस वर्षं शाळा चालवलेली बाई. निवृत्तीनंतर घरात करमेना, लेकाने आणि सुनेने हात जोडले, तेव्हा इथे बिनपगारी कामाला लागल्या आणि पहिल्याच दिवशी टेबल, रजिस्टर आणि सगळ्यांची शिस्त ताब्यात घेतली. आल्यागेल्या प्रत्येकाला एक पान. पहिल्या ओळीत त्याची गरज, खाली दर महिन्याचा शेरा. नियम मात्र शाळेतलाच. "एकदा सांगायचं. मी लिहून घेतलंय म्हणजे झालं. परत परत मागे लागलेलं मला खपणार नाही."

लोकही शहाणे. कुणी परत मागे लागत नसे.

त्या दिवशी पाच वाजता समितीची बैठक होती. समितीने पसंत केलेल्याला स्वतःची खोली मिळायची. तिसऱ्यांदा नापास झालेल्याला खाट सोडावी लागायची, म्हणजे पुन्हा रस्ता. यादीत माणूस एकच, दोनदा नापास झालेला, आणि समिती हेडबाईंच्या शेऱ्यापलीकडे काही बघत नसे.

तो माणूस म्हणजे लाटसाहेब. ही पदवी बाईंनीच बहाल केलेली. साठीला टेकलेला शिंपी, दीड वर्ष इथे मुक्कामाला. समोरून गेलं तर ओळख दाखवणार नाही, नोटीस लावली तर वाचणार नाही, हातात काही द्यावं तर हात भलतीकडेच. परवा तर भाजीचं भरलेलं पातेलं लाथेने उलटवलं. "आंधळे आहात का हो?" बाई कडाडल्या. तो नुसता हसला, आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बैठकीच्या दिवशी सकाळीच त्यांनी शेरा लिहून टाकला: 'उद्धट. खोलीसाठी अयोग्य.'

दुपारी फाटकातून आत येताना त्यांनी रोजचं काम उरकलं. "आजी, वाट अडवू नका, किती वेळा सांगायचं?" स्टुलावर बसलेल्या आजी वीतभर सरकल्या आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसल्या.

आत कोपऱ्यावरचा चष्मेवाला दुकान बंद ठेवून आला होता, फुकट डोळे तपासायला. सोबत भिंगांची पेटी आणि ती डॉक्टरकडे असते तसली लोखंडी फ्रेम. बाईंनी रांग लावली. लाटसाहेबांचा नंबर आला.

"तक्त्यावरचं पहिलं अक्षर?"

"तक्ता कुठाय?"

रांगेत खसखस पिकली. "बघा, हे असं!" हेडबाई म्हणाल्या. "मी म्हणते ते खोटं नाही."

चष्मेवाला मात्र हसला नाही. त्याने एका डोळ्यात विजेरी मारली, मग दुसऱ्यात, आणि उठून उभाच राहिला. "बाई, ह्यांचे दोन्ही मोतीबिंदू कधीकाळी काढलेत, पण आत भिंगच बसवलेलं नाही. जाड चष्म्याशिवाय ह्यांना ना लांबचं दिसत, ना जवळचं. हे इथे वावरतात तरी कसे?"

"पावलं मोजून," लाटसाहेब म्हणाले. "खाटेपासून नळ एकोणीस. मध्येच कुणी पातेलं ठेवलं की पंचाईत होते."

कुठल्या पोराला फळा दिसत नाही हे मी वर्गाच्या दारातून ओळखते, ही हेडबाईंची जन्मभराची फुशारकी! "अहो, मग बोलला का नाहीत?" त्यांचा आवाज चिरकला.

"बोललो होतो की. आल्या दिवशीच, टेबलावरच्या बाईंना. चष्मा बसखाली गेला, तीन कोट चुकीचे कापले, काम सुटलं, मग घर सुटलं. सगळं सांगितलं."

"शक्यच नाही!"

चष्मेवाल्याने एव्हाना फ्रेम त्यांच्या नाकावर चढवून जाड भिंगं बसवली होती. लाटसाहेबांनी आधी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. मग मान वर केली. "अरेच्चा, तुम्ही होय त्या! आवाजावरून मला वाटलं, चांगल्या उंच असाल."

कुणी हसलं नाही. टेबलावर बैठकीसाठी त्यांचंच पान उघडं होतं. त्यांनी ते ओढून घेतलं. लाटसाहेब खालून वर वाचत गेले. "उद्धट. खोलीसाठी अयोग्य. नोटीस वाचत नाही. ओळख देत नाही. बोट दाखवलं तरी दुसरीकडे बघतो." मग सगळ्यात वरची ओळ आली. "चष्मा फुटला आहे. ताबडतोब तजवीज करणे."

अक्षर वळणदार. खाली सही हेडबाईंची.

बाईंनी वाकून आपलीच सही पाहिली. दीड वर्ष! दीड वर्ष ह्या माणसाला आपण आंधळा म्हणून हिणवलं आणि तो खरंच आंधळ्यासारखा भिंती चाचपत होता. "परत का नाही आलात हो माझ्याकडे?"

"परत यायचं नव्हतं ना," लाटसाहेब सरळपणे म्हणाले. "तुम्ही लिहून घेतलं होतं."

बाईंनी सकाळचा शेरा इतका दाबून खोडला की कागद फाटला. पाच वाजता त्या समितीपुढे उभ्या राहिल्या, पहिली ओळ स्वतः वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "नापास हे नाहीत, मी आहे." खोली मंजूर झाली. लाटसाहेब लोखंडी फ्रेम तशीच लावून सगळ्यांची तोंडं बघत हिंडत होते.

सगळं निस्तरलं असं चष्मेवाल्याला वाटलं. तो पेटी आवरायला लागला. हेडबाईंच्या मात्र आत्ता कुठे लक्षात आलं, की रजिस्टरला पानं एकसष्ट आहेत.

त्या उलटत गेल्या. फक्त पहिली ओळ. 'दाढ फार दुखते.' 'उजव्या बुटाचा तळ गेला आहे.' 'जुन्या कामाचा दाखला हवा.' सगळं स्वतःच्या अक्षरात, आणि त्यातलं एकही आठवत नव्हतं. सदतिसाव्या पानावर बोट थांबलं. 'लेकीचा फोन नंबर दिला आहे. आई इथे आहे एवढं कळवणे.' त्याखाली नंबर, आणि त्याखाली अकरा महिन्यांचे अकरा शेरे: 'फाटकाशी वाट अडवते.'

त्या रजिस्टर घेऊन तशाच बाहेर धावल्या. चपलांचा आवाज ऐकून आजींनी स्टूल धरलं. "सरकते हो बाई, सरकते."

"आजी..." बाईंनी सदतिसावं पान उघडून पुढे धरलं.

आजींनी त्यांच्या हातातलं रजिस्टर पाहिलं आणि त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "मी परत विचारलं नाही हं," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहून घेतलंय ना, मग येईलच ती."