गेटाबाहेरचा मामा

वाळूजच्या त्या कारखान्याला गोदाम नाही, आणि याचा तिथल्या साहेबांना भारी अभिमान. माल लागेल तेव्हाच यायचा आणि आला की थेट मशीनवर चढायचा. मग गोदाम गेलं कुठं? ते गेटाबाहेर रस्त्याच्या कडेला उभं असतं, आणि त्याच्या केबिनमध्ये मच्छिंद्र बसलेला असतो. जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडी सळ्या भरायच्या आणि इथं आणायच्या, हे त्याचं काम. उशीर झाला तर ड्रायव्हरचा उद्धार, लवकर आला तर उन्हात ताटकळायचं. मच्छिंद्र मात्र कधीच उशिरा पोचला नव्हता, आणि चारचौघांत तो हे छाती काढून सांगायचा.

त्या दिवशी कुंभार पिंपळगावात त्याच्या भाचीचं, साधनाचं लग्न होतं. आई गेल्यावर त्याला लहानाचा मोठा केला तो थोरल्या बहिणीनं, दैवशाला अक्कानं. तिच्या पोरीला मामा हा एकटाच, आणि अक्षता पडताना नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं. अक्कानं त्याच्यासाठी भगवा फेटा कधीचा आणून ठेवला होता. बाकी काही करू नको, फक्त येऊन उभा राहा, एवढंच तिनं मागितलं होतं.

पण ट्रान्सपोर्टवाल्या राधेश्यामशेठनं आदल्या दिवशी गळ घातली. सकाळी गाडी खाली झाली की तू मोकळा, म्हणाले. नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरी गाडी लावली असती, आणि एकदा दुसरी लागली की पहिलीला कुत्रं विचारत नाही. शिवाय आपल्याकडं लग्न कधी वेळेवर लागतं का? मुहूर्त टळून जातो तरी नवरदेवाचे मित्र डीजेपुढं नाचत असतात आणि एखादा जावई रुसून बसलेला असतो. या भरवशावर मच्छिंद्रनं गाडी भरली.

सकाळी पोचला तर आतली मशीन बिघडलेली. माल ठेवायला जागा नाही, कारण गोदामच नाही. गेटवाल्यानं थांबायला सांगितलं. मच्छिंद्रनं लग्नाचं सांगितलं, हात जोडले, सळ्या कडेला उतरवून देतो म्हणाला. गेटवाल्याच्या हातात काय होतं? चावी त्याच्याकडं देऊन एसटीनं जावं, असंही मनात आलं. पण भरली गाडी सोडून उठणं त्याच्या अंगातच नव्हतं. तो बसून राहिला आणि इथंच त्याचं चुकलं.

मशीन सुरू झाली, गाडी खाली झाली आणि त्यानं रिकामा ट्रक दामटला. पिंपळगावला पोचला तेव्हा कार्यालयाच्या कमानीवरचं साधनाचं नाव काढून पोरं भलत्याच नवरीचं नाव लावत होती. कार्यालयवाल्यानं संध्याकाळचं दुसरं लग्न घेतलं होतं. म्हणून त्यानं डीजे बंद पाडला, सगळ्यांना मांडवात ढकललं आणि अक्षता अगदी मुहूर्तावर पडल्या. साधना सासरी निघूनही गेली होती. अक्काच्या शेजारचा भुजंग भगवा फेटा बांधून कोपऱ्यात जेवत होता. मच्छिंद्र दिसताच तो ओशाळला आणि फेटा काढायला लागला.

"राहू दे भुजंग," अक्का म्हणाली. मग ती भावाकडं वळली. "येळंवर न्हाई आली तर दुसरी गाडी लावतेत ना तुमच्यात? मंग आम्हीबी लावली."

साधनानं काही विचारलं का, असं मच्छिंद्रनं कसंबसं विचारलं. ती सारखी मागं वळून बघत होती, एवढंच अक्का बोलली. तिनं त्याला पंगतीत बसवलं, पत्रावळ मांडली आणि वाढायला घेतलं.

तेवढ्यात फोन वाजला. राधेश्यामशेठ होते, उद्या सकाळी परत माल होता.

"हाव शेठ," मच्छिंद्रच्या तोंडून निघून गेलं, "बराबर टायमावर येतो."

अक्काचा हात थांबला. तिनं भाजीचं पातेलं उचललं आणि भुजंगला वाढायला गेली.