बुटका ओटा

गवंड्याला एक खोड होती. जी वस्तू मनात भरायची, तिलाच तो सगळ्यात जास्त नावं ठेवायचा. पाडलेल्या घरांची जुनी दारं-खिडक्या विकत घेता घेता ही सवय अंगात मुरली होती. चांगलं म्हटलं की भाव चढलाच म्हणून समजा!

स्वतःला राहायला एक मोडकळीला आलेलं घर बघायला गेला, तिथेही त्याने तेच केलं. घर एका म्हाताऱ्या सुताराचं. बायको गेल्यापासून तो एकटाच. मुलगी आपल्याकडे बोलावत होती म्हणून घर विकायला काढलेलं, पण गिऱ्हाईक दारात आलं की याचा पाय मागे. गवंड्याने छपराला नावं ठेवली, सुतार गप्प. ओल आलेल्या भिंतीवर बोटं वाजवून मान हलवली, तरी गप्प.

मग ते स्वयंपाकघरात शिरले आणि गवंडी जागीच थबकला. ओटा कमरेच्याही खाली, आणि त्याच्याखाली मोकळी जागा. चाकांची खुर्ची थेट आत जाईल अशी! अपघातानंतर त्याची बायको तसल्याच खुर्चीत होती. भाड्याच्या घरातला ओटा तिच्या हनुवटीशी यायचा. उकळतं भांडं उतरवताना भाजली, तेव्हापासून गॅसपाशी जाईना. "मी पाहुणीच आहे या घरात," म्हणायची. ते ऐकून त्याला जेवण जायचं नाही.

घ्यायचं तर हेच घर. आणि हा शहाणा बोलला काय? "हा बुटका ओटा आधी फोडावा लागेल. कुठल्या अडाण्याने बांधला हो?"

सुताराने बाहेरचं दार उघडलं. "निघा. मला घर विकायचं नाही."

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं, तेव्हा बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, तोंड आहे की हातोडा? चला, मला घेऊन चला तिथे."

दुसऱ्या दिवशी तिला दारात पाहून सुताराला नाही म्हणवेना. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, खुर्ची ओट्याखाली सरकवली, दोन्ही कोपरं दगडावर टेकली आणि चक्क रडायला लागली.

"काका, कुणासाठी बांधला होता?"

"आमच्या हिच्यासाठी. गुडघे गेले होते तिचे. सगळं बसूनच करायची." सुताराने गवंड्याकडे पाहिलं. "तो अडाणी मीच."

गवंड्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलो काका. बघताक्षणी आवडला, म्हणून तर नावं ठेवली. मेली सवयच तशी."

सुताराने वर छपराकडे पाहिलं. मग एकाएकी आपल्याच घराचं गाऱ्हाणं सांगू लागला. "छप्पर नुसतं ठिबकत नाही, चांगलं गळतं."

"करू की."

"न्हाणीघरात पाणी तुंबतं."

"करू."

"मागच्या चौकटीला वाळवी आहे. काल तुम्हाला दिसली नाही ती."

"बदलू काका. ओट्याला तेवढा हात लावणार नाही."

सुताराने खिशातून पेन्सिल काढली आणि तिच्या खुर्चीपाशी खाली बसला.

"पोरी, दगड इकडे जरा उतरता आहे, तुझं डावं कोपर खाली राहतंय," तो म्हणाला. "लेकीकडे जायच्या आधी या कोपराखाली एक फळी बसवून देतो."