खणखण्या

"सांभाळून, डोकं आपटेल," असं म्हणत भावजींनी पर्यटकांना पाणबुडीच्या नियंत्रण कक्षात घेतलं. एके काळी ते हिच्यावर आचारी होते. आता ती धक्क्याला कायमची बांधून तिचं संग्रहालय केलं होतं आणि भावजी माहिती सांगायला होते. गटाच्या मागे, दाराला टेकून त्यांचा मेहुणा उभा होता. तोही याच पाणबुडीवरचा, वीजतंत्री. त्याला पाहताच भावजींच्या कपाळाला आठी पडली.

मेहुण्याला एवढंच हवं होतं, की तो एक किस्सा बंद व्हावा. फोनवर सांगून झालं, घरी जाऊन सांगून झालं. भावजींनी दोन्ही वेळा हसण्यावारी नेलं होतं.

त्यांची टकळी सुरू झाली. वर असताना डिझेल इंजिनं बॅटऱ्या भरायची. पाण्याखाली सगळा कारभार त्या बॅटऱ्यांवर, म्हणून हिची चाहूल लागत नसे. हिने दोन महासागर पालथे घातले, तीन कप्तान पचवले, एकदा तर सुकाणू मोडलेलं असताना घरी आली.

"फजिती मात्र एकदाच झाली. सराव होता. आपल्याच आरमाराच्या नौका आम्हाला शोधत होत्या. आम्ही तळाशी, पंखे बंद, पंप बंद. त्या निघून चालल्या होत्या, तेवढ्यात खण्णकन! एका बहाद्दराने पाना पाडला. सापडलो! त्याचं नाव पडलं खणखण्या."

लोक खो खो हसले. त्या आवाजापायी मेहुण्याला पाणबुडीवरून उतरवलं होतं, बढती गेली होती. आणि परवा, इथून फिरून आलेल्या शेजाऱ्याने त्याला भर जिन्यात त्याच नावाने हाक मारली होती.

"पाना नव्हता," तो म्हणाला. "पातेल्याचं झाकण होतं."

हसू विरलं.

"हेच ते, बरं का!" भावजी उसनं हसले. "मेहुणे आमचे. अजून मनाला लावून घेतात."

"झाकण तुमच्या हातून निसटलं, भावजी. माझ्या हातात पाना होता, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तुम्ही हात जोडलेत. ताईला दिवस गेले होते, म्हणून मी गप्प बसलो. आणि तुम्ही त्याचाच रोज तमाशा करता?"

भावजी अंगावर आले. "आणखी एक शब्द काढ, ताईचं तोंड पुन्हा दिसणार नाही तुला."

पण ताई शिडीवरून उतरतच होती. गट आत सोडायचं काम तिचं. आवाज चढलेले ऐकून ती खाली आली होती.

"ताई, ऐकलंस ना? झाकण यांच्या..."

"माहीत आहे मला. घरी आल्या आल्या सांगितलं होतं यांनी."

"आणि तरी तूही मला त्याच नावाने हाक मारायचीस? पोरांनाही शिकवलंस?"

"मग काय करणार होते? यांना काढलं असतं तर आम्ही खायचं काय? तू सडाफटिंग होतास."

हिचं मन मोडेल, या धास्तीने त्याने निम्मं आयुष्य तोंड शिवून घेतलं होतं. तो पर्यटकांकडे वळला. "उद्या पहिल्या गटात मी असेन. परवाही. हे पाना म्हणतील, मी झाकण म्हणेन."

"बघून घेईन तुला!" भावजी ओरडले.

"येऊ दे की," ताई म्हणाली. "पण तिकीट काढून. नात्यातल्यांना फुकट सोडणं आजपासून बंद."

"महिन्याचं मिळतं का?" त्याने विचारलं आणि तिला बाजूला सारून तो शिडी चढू लागला.