कावळा लगेच शिवला

माझी मुलगी आवडी हिचे लग्न झाले ते शके सतराशे नव्याण्णव. त्या वर्षी देशावर दुष्काळ होता आणि घाट उतरून माणसे आमच्या पळसदरीपर्यंत भाकरी मागत आली होती. लग्न फाल्गुनात झाले. त्याआधी, माघात, मी माझ्या धाकट्या भावाचे दहावे केले. भाऊ तेव्हा जिवंत होता.

मला अक्षरे पन्नाशीनंतर आली, नाहीतर हे आधीच लिहिले असते.

भावाचे नाव येसाजी. तो घाटात रुळांच्या कामावर होता. दरड कोसळली आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मुंबईच्या दवाखान्यात पाच महिने काढून तो कुबडीवर परत आला, तो ख्रिस्ती होऊन. गावाने त्याला वाळीत टाकले. पाणवठा बंद, न्हावी बंद, विस्तव बंद. तो रुळांपलीकडे एका पळसाखाली खोपट बांधून राहिला. मी अधूनमधून जायचो. आज तरी रडेल, चूक झाली म्हणेल, दादा मला घरात घे म्हणेल, अशी वाट बघत जायचो. तो झऱ्याचे पाणी फडक्याने गाळत बसलेला असायचा आणि मलाच विचारायचा, बैलाचा खूर बरा झाला का. त्याचा मला फार राग यायचा.

अशात खालापूरच्या नागूबाबांनी आपल्या मुलासाठी आवडीला मागणी घातली. माझ्या मुलीच्या वयाच्या पोरी केव्हाच सासरी गेल्या होत्या. सुपारी फुटायच्या आधी नागूबाबांचा निरोप आला. भाऊ शुद्ध होऊन परत येऊ दे, नाहीतर त्याची क्रिया करून मोकळे व्हा. बाटलेला माणूस जिवंत आहे तोवर त्या घरची मुलगी आम्ही नेणार नाही.

मी येसाजीला सगळे सांगितले.

“आवडीचं लगीन मोडू नको, दादा. कर माझं धाव्वं.”

“म्हंजे तू येत नाय.”

“नाय रं. हितं मला काय कमी पडलंय म्हणून सोडून येऊ?” मग हसून म्हणाला, “पिंडाला तांदूळ मातुर चांगला घे. मला जुना कोळंब आवडतो.”

मी क्रियेला तयार झालो, पण मनात वेगळेच होते. मेलेल्याची इच्छा मागे राहिली असली तर पिंडाला कावळा शिवत नाही. आमच्या बापाच्या वेळी कावळे दुपारपर्यंत झाडावर बसून राहिले होते. वरचे शेत विकणार नाही असे आम्ही दोघा भावांनी कबूल केले, तेव्हा कुठे एक खाली उतरला. येसाजी तर जिवंत, तरुण, लंगडा, घराबाहेर काढलेला. त्याच्या मनात इच्छांची काय कमी? कावळा शिवणार नाही, आणि मग नागूबाबांच्या देखत मी म्हणेन, बघा, त्याला परत यायचे आहे. चला, त्याला घेऊन येऊ. तेवढ्या भरवशावर मी जिवंत भावासाठी डोके भादरले.

नदीकाठी भटजींनी पिंड मांडला. माझी बायको सुंदरा पुटपुटली, “जित्याचं जेवण. कावळ्याला तरी लाज वाटंल.”

मी पिंड कातळावर ठेवला आणि मागे वळलो. दोन पावलेही झाली नसतील. पंख वाजले. वळून बघतो तर कावळ्याने चोच घातली होती. दुसराही आला.

“सुटला,” नागूबाबा म्हणाले.

बाप स्वतःच्या घरात, दोन मुलांच्या मांडीवर मेला, आणि त्याचे मन अर्ध्या दिवसाने सुटले. ज्याला मी पाणीही तोडले, त्याला क्षणही लागला नाही.

तसाच ओल्या धोतराने मी खोपटाकडे गेलो. येसाजी देशावरच्या दोन बायांना पेज वाढत होता.

“शिवला?” त्याने विचारले.

“लगेच.”

“भुकेला आसंल बिचारा. साल वाईट हाय.”

“खरं सांग येसा, तुला कायच नको?”

त्याने पळी खाली ठेवली. “पाय गेला तवा मी रोज मरण मागत व्हतो, दादा. हे आपोआप नाय आलं, शिकाया लागलं. आता देव संगं हाय. भाकर असली तरी हाय, नसली तरी हाय. तू आलास की बरं वाटतं. नाय आलास तरी तुझ्यावर राग नाय.”

तो रागावला असता तर मला सोपे गेले असते.

लग्न लागले. वऱ्हाड रुळांजवळून गेले तेव्हा तो पलीकडे कुबडीवर उभा होता. आवडीने बैलगाडीतून हात जोडले. मेलेल्याला जोडले, असे मी व्याह्यांना सांगितले.

वैशाखात देशावरच्या माणसांत जुलाब-वांतीची पटकी शिरली. येसाजी त्यांचे करत होता, त्यालाही लागली. सुंदराने ते ऐकून आमच्या विहिरीचे पाणी पितळी तांब्यात भरून माझ्या हातात दिले. कोणी बघेल, असे मी म्हणालो. “बघू दे,” ती म्हणाली. मी त्याच्या तोंडाला तांब्या लावला. तो दोन घोट प्याला आणि म्हणाला, “गोड हाय.” त्याच दुपारी तो गेला.

भटजींना सुतकाचे विचारले, तर म्हणाले, एका माणसाचे सुतक दोनदा नसते. मुंबईहून आगगाडीने त्याचे ख्रिस्ती लोक आले, त्यांनी त्याला पळसाखाली पुरले. पिंड नव्हता. तरी मी वर बघत ऊन कलेपर्यंत उभा राहिलो.

खोपटातले त्याचे ख्रिस्ती धर्माचे पुस्तक मी घरी आणले, आणि ते वाचण्यासाठीच पुढे अक्षरे शिकलो. एका पानावर कोळशाची रेघ आहे. तिथे बेड्यांत पडलेला एक माणूस मित्रांना कळवतो, की भरल्यात आणि रित्यात समाधानाने राहायला आपण शिकलो. मी ते पान पुष्कळदा वाचले आहे. मी अजून शिकतो आहे.

गावाच्या हिशेबात चूक आहे, म्हणून लिहून ठेवतो. माझा धाकटा भाऊ येसाजी शके अठराशे, वैशाख वद्य पंचमीस, दुपारी, पटकीने वारला. माघात नाही.