सीतादहीचे हात

कॅन्सरच्या सुया सुरू झाल्यापासून वच्छलाबाईंच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. छातीतली गाठ काढली, केस गेले, तेही त्यांनी सोसलं. पण झोप गेली आणि बाई खचल्या. "मराले नाही भेत मी," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पण हे टक्क जागणं नाही सोसत आता."

सदाशिवरावांचा आवाज एरवी शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाणारा. ते हळूच 'चाल' म्हणाले आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

दवाखान्यातल्या वर्षाताईंनी एक जुना चिनी व्यायाम शिकवला. दोन्ही हातांनी आभाळ उचलायचं, श्वास सोडत खाली आणायचं. "झोपेसाठी काही जणांना गुण येतो," एवढंच त्या म्हणाल्या. "पण सावकाश हं, मावशी."

सावकाश? बोरी अरबच्या शिवारात कापूस वेचण्यात वच्छलाबाईंचा हात धरणारी बाई नव्हती. अंगणात उभ्या राहिल्या की हात सपासप चालायचे; आभाळ वर जातं न जातं तोच खाली. धाप लागायची, झोप आणखीच पळायची.

"अवं, कापूस मोजाले काटा लावून बसलं हाये काय कोणी?" सदाशिवराव म्हणाले. "कायले एवढी घाई?"

"हातच आयकत नाही त काय करू?" त्या रडकुंडीला आल्या.

तेव्हा सदाशिवरावांना आठवलं. पहिल्या वेचणीला, सीतादहीच्या दिवशी, कपाशीच्या पऱ्हाटीला दहीभात वाहिल्यावर हीच बाई पहिला कापूस असा काढते की पानही हलत नाही.

"सीतादहीचा कापूस येचतं ना," ते म्हणाले, "तसं कर."

वच्छलाबाईंनी डोळे मिटले. हात उठले. शस्त्रक्रियेच्या बाजूचा मागे राहिला, पण तोही वर गेला. उभा जन्म ज्या हातांच्या भाकरी खाल्ल्या, ते हात सदाशिवराव आज पहिल्यांदा पाहत होते. त्यांचे स्वतःचे हात नकळत जोडले गेले.

रोज दिवेलागणीला हे चाललं. बरेच दिवस काहीच फरक नव्हता. मग एका सांजेला बाई व्यायाम आटोपून बाजेवर टेकल्या. सदाशिवराव आपला चहा घेऊन आले, तर त्या निजलेल्या. त्यांनी कप उशाशी ठेवला. नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता, त्या हातांसारखाच सावकाश.

उजाडल्यावर वच्छलाबाई दचकून उठल्या. उशाशी साय धरलेला चहा, समोर लाल डोळ्यांचे सदाशिवराव.

"अवो, चहा काहून नाही पेला?"

"माह्या फुरक्यानं तू जागी झाली असती."

"अन् रातभर काय करून राह्यले होते?"

"तुह्या झोपीले पाहून राह्यलो होतो," सदाशिवराव म्हणाले. अजूनही कुजबुजतच.