वीसचे बत्तीस

आमच्या जीपच्या मीटरचा काटा गाडी उभी असताना शून्यावर टेकत नसे. शून्याच्या रेषेच्या वर, तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतका, तो थांबलेला असे. इंजिन सुरू झाले की थरथरे, गाडी हलली की आधी किंचित मागे येई आणि मग वर चढे. लग्न होऊन सासरी, रिहे गावी आले त्या दिवशी मला पुढे बसवले होते. नव्या नवरीने नजर खाली ठेवायची असते. माझ्या नजरेसमोर तो काटा होता, त्यामुळे प्रवास बरा गेला.

जीप अमेरिकन, विलीज. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून सासऱ्यांनी घेतलेली. तिचे स्टिअरिंग डावीकडे होते, म्हणून शेजारी बसणारा उजवीकडे, रस्त्याच्या मधल्या अंगाला येई. ती जागा माझ्या सासूबाईंची, चंद्राबाईंची. सासरे गेल्यापासून घर, भाताची खाचरे आणि जीप यांवर त्यांचीच हुकमत होती. गाडी चालवायचे माझे पती जयसिंगराव, पण किती वेगाने ते सासूबाई ठरवत. वेग ठरलेला होता : ताशी वीस मैल. मीटरवरचे इंग्रजी आकडे त्यांना वाचता येत नसत. सासऱ्यांनी वीसची जागा बोट ठेवून दाखवली होती, तेवढी त्यांना पुरे होती. काटा तिच्यापुढे गेला की त्या म्हणत, "थांबीव, मी चालत येते," आणि खरोखरच उतरत.

मी पौडच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. आमच्या खोऱ्यात एसटी येत नव्हती. जयसिंगराव मला सकाळी सोडत आणि संध्याकाळी आणत. त्रेसष्ट सालच्या दिवाळीनंतर आमच्या भाताच्या गिरणीचे इंजिन सांभाळणारा नथू पिंपरीच्या कारखान्यात लागला, आणि इंजिनापाशी जयसिंगरावांनाच उभे राहावे लागले. मळणीचे दिवस, गिरणीपुढे उजाडताच पोत्यांची रांग. मी चालत शाळेत पोचेपर्यंत पहिला तास संपलेला असे. हेडमास्तर सज्जन होते. त्यांनी एकदा शांतपणे सांगितले, की पौडात खोली घेऊन राहा, नाहीतर सत्र संपल्यावर दुसरे कोणी बघावे लागेल. सुनेने खोली घेऊन राहणे आमच्या घरात बसणारे नव्हते. म्हणजे नोकरी सोडणे, किंवा गाडी स्वतः नेणे.

दसऱ्यालाच मी सासूबाईंना विचारले होते, "आत्याबाई, मी गाडी शिकू का?"

"बघू," त्या म्हणाल्या होत्या.

त्यांचे बघू म्हणजे नाही नव्हे, पण हो तर मुळीच नव्हे. गोठ्यावरची कौले बदलण्याचे बघू चालू होते तोवर दोन गायी विकून झाल्या होत्या. भात कापल्यावर खाचरे मोकळी झाली, तेव्हा रविवारी दुपारी त्या झोपल्या की जयसिंगराव मला तिथे गाडी शिकवू लागले. क्लच, गिअर, बांध आला की ब्रेक. मला ते जमू लागले होते, आणि घरात कोणाला पत्ता नाही असे आम्ही दोघे समजत होतो.

त्याच सुमारास पौड रस्त्यावरचे मैलाचे दगड काढून किलोमीटरचे बसवले. जयसिंगरावांना ते रुचले नाही. "दगड एक बोलतो, मीटर दुसरंच बोलतं," ते म्हणाले. "दोघांचं भांडण ऐकत गाडी चालवायची का?"

"मीटरला नवी तबकडी घालू," मी म्हणाले. "आतली यंत्रणा तीच ठेवायची. काटा जिथे जातो तिथे जाऊ द्यायचा. आकडे तेवढे बदलायचे."

मला हे काम मनापासून आवडले. काचेवर पातळ कागद धरून मी जुन्या खुणा उतरवून घेतल्या. दहा मैलांना काटा चाळीस अंश फिरत होता, म्हणजे दहा किलोमीटरला पंचवीसला थोडा कमी. शाळेतला कोनमापक, कंपास आणि जाड ड्रॉइंगचा कागद घेऊन मी रविवारी ओसरीवर बसले. शून्यापासून नव्वदपर्यंत खुणा केल्या आणि काळ्या शाईने आकडे काढले. इंग्रजी काढावेत असे मनातही आले नाही. किलोमीटरच्या दगडांवर मराठी आकडे होते, गिरणीतल्या वजनांवरही मीच मराठी आकडे रंगवले होते. हात त्याच वळणाने गेला.

पुढच्या रविवारी गिरणी बंद होती. आम्ही तिघे पौडला गेलो. सासूबाईंना बाजारात काम होते. पीरमहंमद मिस्त्रींचे गॅरेज बाजाराच्या टोकाला होते. सासऱ्यांच्या वेळेपासून जीप त्यांच्याच हाताखालची.

"वैनी, लोक येतात ते मीटर बंद पडलं म्हणून," ते म्हणाले. "तुमचं अमेरिकेपासनं चालू हाय, त्याला कशाला हात लावता?"

"हात तुम्ही लावायचा. मी कागद लावणार."

चहाचे दोन चमचे काट्याखाली दोन बाजूंनी सारून त्यांनी काटा अलगद उचलला. तबकडी नेमकी बसली. पांढऱ्या कागदावर पांढरा काटा दिसेना, म्हणून त्यांनी सायकलचा लाल रंग आणला.

"आन् हे मधले आकडे? गाडी किती पळली ते सांगणारे?" त्यांनी विचारले.

"ते दातेरी चाकांवर फिरतात. मैलच राहू देत."

"म्हंजे गाडी धावणार किलोमीटरनं आन् म्हातारी होणार मैलानं. बरंय तिचं."

मीटरची केबल नीट बसली की नाही याची खात्री करायला ते मागे बसले. सासूबाई पिशवी घेऊन आल्या आणि आपल्या जागेवर बसल्या. पिरंगुटच्या दिशेला रस्ता सरळ होता. जयसिंगरावांनी नेहमीच्या सवयीने काटा नेहमीच्या जागी नेला.

सासूबाई मीटरकडे बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. शेर-मण जाऊन किलो आले, तेव्हा गिरणीत कोणी फसवू नये म्हणून त्या वजनांवरचे आकडे शिकल्या होत्या. हे मला ठाऊक होते. आकडे मीच शिकवले होते. तरी तबकडी काढताना ते माझ्या लक्षात आले नव्हते.

"जयसिंग," त्या म्हणाल्या, "हितं काय लिवलंय?"

"कुटं?"

"काट्याखाली. तीस, आन् त्याच्या म्होरं दोन बारक्या रेघा. बत्तीस हाय हे."

"व्हय."

"ही वीसची जागा. तुज्या बापानं बोट ठिवून दावली व्हती."

"आई, तेच वीस आता बत्तीस झालंय."

"थांबीव गाडी."

गाडी थांबली. सासूबाई उतरल्या नाहीत, पदर सावरून ताठ बसल्या.

"वीसचं बत्तीस व्हतंय? मग माज्या वीस किलो तांदळाचं बत्तीस करून दे. गिरणी बंद करू, निस्तं मीटरच लावू."

मागे पीरमहंमद मिस्त्री खोकले. ते हसू होते.

"इतकी वर्सं मला वीस सांगून बत्तीसनं पळवलंत," सासूबाई म्हणाल्या. "बाप आन् ल्योक दोघांनी."

"वेग वाढला असता तर तुजा पदर उडाला नसता का?" जयसिंगराव म्हणाले. "वीसला पदर डोक्यावर ऱ्हातो, असं तूच सांगायचीस."

"पदराला दोन वर्सं झाली मी पिन लावतीया."

मी मागून पुढे झुकले. "आत्याबाई, मण गेला आणि किलो आले, तेव्हा एका मणाचे सदतीस किलो झाले. पोतं वाढलं का?"

"न्हाई. पर ते मी दोनदा जोखलं, तवा मानलं." त्या माझ्याकडे वळल्या. "ह्ये जोखून दाव."

वेग जोखून दाखवा असे मला शाळेत कोणी कधी म्हटले नव्हते. मला फार आनंद झाला.

"काटा तीसवर धरायचा," मी म्हणाले. "खरोखर तीसचा वेग असेल तर एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत बरोबर दोन मिनिटं लागतील. लवकर पोचलो तर तुम्हाला फसवलंय. आणि दोन मिनिटं भरली, तर तुमची जुनी जागा तिच्या जरा पुढे, बत्तीसवरच येते."

"घड्याळ कोन बघनार? तू नगं, कागद तुजा हाय. जयसिंगही नगं."

"द्या मिस्त्रींकडं," जयसिंगराव म्हणाले.

मी मनगटावरचे घड्याळ काढून पीरमहंमद मिस्त्रींना दिले आणि सेकंदाचा काटा दाखवला. दगड जवळ आला. जयसिंगराव तीसवर आले, मग एका ओळखीच्याला हात केला, अठ्ठावीस. मग सायकलवाल्याला ओलांडायचे म्हणून पस्तीस. "काटा, काटा," सासूबाई म्हणत होत्या. पुढचा दगड आला.

"धा सेकंद आधीच," मिस्त्री म्हणाले.

"बगा. चोरी."

"अगं, तो सायकलवाला मधी..."

"पुन्यांदा."

पुन्हा केले. या वेळी जयसिंगराव इतके जपून चालवू लागले, की काटा पंचवीसवर लोळत राहिला आणि मिस्त्रींनी जांभई दिली. तिसऱ्या वेळी म्हशी आल्या. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"तुज्या पायात थाराच न्हाई. लहानपनापासनं न्हाई. उतर खाली."

"आन् चालवनार कोन? मिस्त्री घड्याळ सोडून कसे येतील?"

"ही चालवील."

जयसिंगरावांनी दिशांचा अंदाज घेतल्यासारखे चौफेर बघितले. "हिला कुटं येतंय," ते म्हणाले.

"व्हय का. खाचरात चाकांच्या खुना कुनाच्या हायेत मग? बांधाला वळसा घालून जातात त्या तुज्या न्हाईत. तुजी गाडी बांधावरनं जाती."

मी उतरून पुढे आले. स्टिअरिंग खाचरात जितके जड वाटे त्याहून रस्त्यावर हलके लागत होते. पहिल्या गिअरमध्ये थोडा धक्का बसला. "सावकाश," मिस्त्री म्हणाले, "ती तुमाला वळखती." दुसरा, तिसरा. काटा आला, तीसच्या रेघेवर थांबला. प्रयोगशाळेत ब्युरेटच्या तोटीतून आम्ल थेंब थेंब सोडताना हात जसा धरावा लागतो तसा पाय धरायचा होता, एवढेच. दगड माझ्याच बाजूला होते. "आला," मी म्हणाले, आणि मिस्त्रींनी घड्याळावर बोट ठेवले.

बाजूला कापलेल्या भाताचे बुडखे, पलीकडे वाटाण्याची हिरवी पट्टी, तिच्यावर बगळे. सासूबाईंची नजर काट्यावर होती, आणि त्यांच्या ओठांच्या हालचालीवरून कळत होते की त्या आकडा पुन्हा पुन्हा वाचताहेत. काटा रेघेवरून केसाइतकाही सरकला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. तो दोनदा सरकला, दोन्ही वेळा मी परत आणला.

दगड आला.

"दोन मिनिटं," मिस्त्री म्हणाले. "आन् वर चार सेकंद."

"चार कशाचं?" सासूबाईंनी विचारले.

"टायर झिजलेत," मी म्हणाले. "चाक थोडं लहान झालंय, म्हणून मीटर थोडं जास्त दाखवतं. तुम्ही वीस समजून बसत होता, तेव्हा वीसलाही जरा कमीच होतं."

सासूबाईंनी याचा विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताठपणा हळूहळू उतरला. "म्हंजे त्येंनी खोटं सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. हे कोणाविषयी ते आम्हाला तिघांनाही कळले. मग त्या जरा थांबून म्हणाल्या, "त्ये चाळीस कसं असतंय बगू."

"आई, पिन हाय ना नीट?" मागून जयसिंगराव म्हणाले.

"गप बस."

मी चाळीसवर नेले. जीपचे ताडपत्रीचे छत फडफडू लागले. पिशवीतल्या कोथिंबिरीची एक काडी उडून मिस्त्रींच्या दाढीत बसली आणि सासूबाई हसल्या, तोंडाला पदर न लावता. इतक्या मोठ्याने हसताना मी त्यांना पाहिले नव्हते.

समोरून एक बैलगाडी आली. आमच्या गावचे कोंडिबा. त्यांच्या कानावर गेलेले संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्यात होई, आणि एकदा तिथे गेलेले परत घेता येत नसे. मी वेग कमी केला, मग गाडीच थांबवली. सासूबाई उजवीकडे, म्हणजे त्यांच्या अगदी शेजारी आल्या. बैलांनी जीपकडे पाहिले, कोंडिबांनी माझ्याकडे.

"चंद्राबाई, आज सून हाकतीया जनू," ते म्हणाले. "हौस वाटतं?"

जयसिंगराव मागे सरसावून बसले. मी स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. सासूबाईंनी आधी रस्त्याकडे बघितले, मग कोंडिबांकडे.

"हौस कसली," त्या म्हणाल्या. "पुन्याला जाऊन परवाना काढनार हाय ती. परवाना आला की शाळेला तिची ती जाईल, ह्याच गाडीनं. सगळ्यास्नी सांगा."