सीसीतलं नाव

"काकू, तुमचा इनबॉक्स बघवत नाही हो," पायल माझ्या खुर्चीमागून म्हणाली. "सतरा हजार मेल्स!"

पायल म्हणजे माझ्या मैत्रिणीची, विनीताची लेक, इथेच मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये जन्मलेली. मेल पटापट कशा उरकायच्या हे शिकवायला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या आमच्या कंपनीने तिला आणलं होतं. कोण किती वेळात उत्तर देतं याचा आलेख म्हणे वरच्या साहेबांकडे जाणार होता. त्या आलेखाचा मी धसकाच घेतला होता. बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभी आहे मी. नोकरी गेली की व्हिसाही गेला, साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा. माझी इला अजून शाळेत आहे. तिला घेऊन जायचं कुठे?

"एक रूल लावा," पायल म्हणाली. "तुम्ही नुसत्या सीसीमध्ये असाल, म्हणजे तुम्हाला फक्त कॉपी असेल, तर ती मेल थेट वेगळ्या फोल्डरमध्ये. बघायचीच नाही. इफ इट्स फॉर यू, दे विल पुट यू इन 'टू'."

पण चाकणहून आम्हाला बोल्ट पुरवणारे जगन्नाथराव 'टू'मध्ये माझं नाव कधीच घालत नाहीत. 'रिस्पेक्टेड सर' करून मेल लिहायची आमच्या डायरेक्टरला, डेव्हला, आणि सीसी मला. काम माझं, मान त्याचा. मोठ्या साहेबांना डावलून थेट कसं लिहायचं, हा त्यांचा संकोच. डेव्ह त्या मेल उघडतही नाही, 'अपर्णा बघेल' म्हणून माझ्यावर सोडतो, हे ठरलेलंच.

हे सांगायला हवं होतं. पण डेव्ह मागेच फोनवर बोलत उभा होता. हिला नवीन काही झेपत नाही, असं त्याला वाटलं तर? मी रूल लावायचं बटण दाबलं.

आलेखात माझी रेघ झकास वर गेली. पण चाकणहून आठवडाभर काहीच कसं नाही, म्हणून गुरुवारी सकाळी मी ते फोल्डर उघडलं. सोमवारची मेल होती. ब्रेकच्या बोल्टची चौदा नंबरची बॅच कच्ची निघाली आहे, कृपया वापरू नये.

चौदा नंबरची बॅच आदल्याच दिवशी मी सही करून असेंब्ली लाइनवर सोडली होती.

गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. मेल डेव्हच्या नावावर होती, त्यानेही वाचली नव्हती. खोटं कशाला सांगू, दोन मिनिटं मी खरंच गप्प बसले. मग आठवलं, इलाला मागच्याच महिन्यात लायसन्स मिळालंय. रोज स्वतः गाडी घेऊन जाते पोर.

मी धावतच डेव्हच्या केबिनमध्ये शिरले. "लाइन थांबव. ते बोल्ट खराब आहेत. मेल रूलमुळे दुसऱ्या फोल्डरमध्ये गेली, माझ्याकडून वाचायची राहिली."

लाइन थांबली. नशीब, एकही पार्ट बाहेर गेला नव्हता. "गुड कॅच," डेव्ह स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. मग विचारलं, "तो रूल कोणी लावला?"

"मीच," मी म्हटलं. पायलचं नाव कशाला घेऊ?

जागेवर येऊन चाकणला फोन लावला. "जगन्नाथराव, यापुढे मेल मलाच लिहा हो."

"असं कसं मॅडम! साहेबांना काय वाटेल?" ते पार गोंधळले. "बरं, बघतो."

पाच मिनिटांत त्यांची माफीची मेल त्याच फोल्डरमध्ये आली. टू डेव्ह, सीसी मी. रडू की हसू कळेना.

दुपारी एचआरची मेल आली. उद्या तीन वाजता भेटायचं, विषय लिहिलेला नव्हता. 'टू'मध्ये माझं एकटीचं नाव, सीसीमध्ये कोणीच नाही. पायलच्या नियमाप्रमाणे ती कुठल्याही फोल्डरमध्ये गेली नाही. सगळ्यात वर येऊन बसली.